पाहुणचाराची मुदत

मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाकडे राजूरहून जावयाचे तर एस. टी.चे तिकीट पुरते. तेथे किती दिवस राहावयाचे हे नातवंडांचा लोभ आणि गावाकडची पेरणी ठरविते, सरकार नव्हे. अकोले तालुक्याच्या डोंगरी पट्ट्याला पोटासाठी बाहेर पडणे नवे नाही. मात्र शिकलेला मुलगा टोरांटोला किंवा मेलबर्नला स्थायिक झाला, की आईबापांची भेट ही परक्या सरकारच्या मर्जीची बाब होऊन बसते.

अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा हाती असला, तरी एका खेपेस सामान्यतः सहा महिनेच राहता येते. ब्रिटनमध्येही पाहुण्याला सहसा हीच मर्यादा आहे. लेकीच्या बाळंतपणाला गेलेली आई बाळ रांगू लागण्याच्या सुमारास परत फिरते. म्हणूनच काही देशांनी ही मुदत वाढविली, हे स्वागतार्ह आहे. कॅनडाने २०११ मध्ये आईवडील व आजीआजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला आणि २०२२ पासून एका खेपेचा मुक्काम पाच वर्षांपर्यंत नेला. ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये तीन व पाच वर्षांचा तात्पुरता पालक-व्हिसा आणला. न्यूझीलंडने सप्टेंबर २०२५ मध्ये पाच वर्षांच्या पालक-व्हिसाची योजना अमलात आणली.

परंतु हे दार सर्वांना सारखे उघडे नाही. कॅनडात मुलाचे उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर असावे लागते आणि आईवडिलांचा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा उतरवावा लागतो. ऑस्ट्रेलियात योजना सुरू झाली तेव्हा पाच वर्षांच्या व्हिसाचे शुल्कच दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते. बड्या पगाराच्या अभियंत्याला हे पेलते. नुकत्याच स्थिरावणाऱ्या परिचारिकेला किंवा ट्रकचालकाला ते कसे पेलावे?

यजमान देशांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्यांनी तेथे कधी कर भरला नाही, अशा वृद्धांच्या औषधोपचारांचा भार तेथील करदात्यांनी का सोसावा, हा प्रश्न अन्याय्य नाही. त्यासाठी विम्याची अट समर्थनीय ठरते. परंतु विमा उतरविल्यानंतरही उत्पन्नाची उंच भिंत आणि जबर शुल्क कायम ठेवणे, म्हणजे आईबापांची माया पगाराच्या मापाने मोजणे होय. त्यांच्या येण्याने नातवंडे सांभाळली जातात आणि सून निश्चिंतपणे कामावर जाते. हा लाभ कोणत्याच हिशेबात धरला जात नाही. करोनाच्या काळात ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या, तेव्हा नागरिकांच्या आईवडिलांची गणना ‘निकटच्या कुटुंबा’त होण्यास नोव्हेंबर २०२१ उजाडावा लागला. कुटुंबाची ही आखूड व्याख्याच खरे दुखणे आहे.

येथे आपल्या सरकारचेही कर्तव्य आहे. भारताने २०२१ मध्ये ब्रिटनशी व २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी स्थलांतरविषयक करार केले. त्यांत भर आहे तो विद्यार्थी, पदवीधर आणि व्यावसायिक यांच्यावर. तरुण बुद्धी देऊ करताना तिच्यामागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा विचार व्हावयास नको काय? परवडणारा विमा, माफक शुल्क आणि अर्जाचा वेळेत निकाल, एवढ्या तीन गोष्टी तरी पुढील वाटाघाटींत दिल्लीने आग्रहाने मांडाव्यात.

दीर्घ व्हिसाने वार्धक्याचे सारे प्रश्न सुटतील, असे मात्र कोणी मानू नये. परभाषेत आणि बंद दारांच्या वस्तीत अनेकांचे मन रमणार नाही; ते आपल्या ओसरीवरच परततील. त्यांच्यासाठी गावात चांगला दवाखाना आणि विचारपूस करणारी माणसे हवीतच. आईवडिलांच्या निर्वाहासाठी आपण २००७ मध्ये कायदा केला. त्यान्वये निर्वाहखर्चाचा आदेश देता येतो, सहवासाचा देता येत नाही. जेथे मुलाला सहवास हवा आहे आणि आईबापांनाही तो हवा आहे, तेथे निदान मुदतीच्या शिक्क्याने तरी आडवे येऊ नये.