भेग भरून काढणारे काँक्रीट

काँक्रीट दाब सोसण्यात बळकट, पण ताण सोसण्यात दुबळे असते. म्हणूनच त्यात लोखंडी सळया घालतात आणि तरीही त्याला बारीक भेगा पडतातच. त्या भेगांतून पाणी आत शिरते, सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचा थर फोडते. इमारतीच्या ऱ्हासाचा आरंभ पुष्कळदा अशा क्षुल्लक भेगेतच असतो.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविज्ञान विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हेंक योंकर्स यांनी २००६ च्या सुमारास यावर संशोधन आरंभिले. काँक्रीटच्या तीव्र क्षारतेतही तग धरणाऱ्या जीवाणूंचे बीजाणू व त्यांचे अन्न म्हणून कॅल्शियम लॅक्टेट त्यांनी मिश्रणात घातले. हे बीजाणू वर्षानुवर्षे सुप्त राहतात. भेगेतून पाणी व प्राणवायू पोहोचताच ते जागे होतात आणि अन्न पचवून चुनखडी निर्माण करतात. तिनेच भेग बुजते. सुमारे ०.८ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा अशा भरून आल्या आहेत. पाया खचल्याने पडलेली रुंद भेग मात्र या उपायाच्या आवाक्याबाहेरची आहे.

इतका गुण असूनही बांधकाम व्यावसायिक याचा स्वीकार सावधपणेच करतात. त्याचे कारण केवळ अविश्वास नव्हे. आराखड्यावर सही करणारा अभियंता अनेक दशकांची जबाबदारी पत्करतो. त्याला दीर्घ काळाचा अनुभव व सर्वमान्य मानके हवी असतात. ठेकेदाराला काम मिळते ते बहुधा सर्वांत कमी दराच्या निविदेवर. शिवाय जादा खर्च बांधणाऱ्याच्या खाती पडतो, तर दुरुस्ती वाचल्याचा लाभ पुढे तेथे राहणाऱ्याला मिळतो. खर्च एकाचा आणि नफा दुसऱ्याचा, असा सौदा कोणता व्यापारी उत्साहाने करील?

म्हणून जेथे बांधणारा व वापरणारा एकच असतो आणि दुरुस्ती कठीण असते, तेथे हा हिशेब सर्वांत आधी जुळतो. तळघर, पाण्याची टाकी, बोगदा ही अशी बांधकामे होत. स्वतःची वखार किंवा दुकान बांधणाऱ्यानेही केवळ आजचा दर पाहू नये. पुढील तीस वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च मांडावा. किती रुंदीची भेग भरते, चाचणी कोणी घेतली आणि हमी लेखी आहे काय, हे तीन प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावेत.

मात्र नव्या काँक्रीटवर वेळेवर पाणी मारणे आणि सळयांवर पुरेसे आवरण ठेवणे यांत हयगय झाली, तर ती उणीव कोणताही जीवाणू भरून काढणार नाही.