रेझिनचे काम : धूळ ओली ठेवा



आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाने इपॉक्सी रेझिनच्या वस्तू करायला घेतल्या. कीचेन, दारावरच्या नावाच्या पाट्या. भांडवल थोडे, मशीन एकही नाही. हॅक्सॉ, कानस, हाताने फिरवायचे ड्रिल आणि वॉटर पेपर एवढ्यावर काम. खर्चाचा अंदाज मीच मांडून दिला होता. तीन-चार महिन्यांनी गटातल्या एका ताईंच्या मनगटावर व पापण्यांवर खाजरे पुरळ उठले, तेव्हा लक्षात आले की माझ्या त्या यादीत हातमोजे आणि मास्क नव्हतेच! कारकुनाची ही चूक ताईंच्या अंगावर निघाली, म्हणून आज हा विषय.

रेझिन आणि हार्डनर मिसळले की मिश्रण आपोआप तापते व घट्ट होते. प्रमाण डब्यावर लिहिलेलेच घ्यावे. 'लवकर सुकेल' म्हणून हार्डनर जास्त ओतला तर माल नीट पिकत नाही, आणि अशा अर्धकच्च्या मालाची धूळ अंगाला अधिक बाधते. वस्तू दुसऱ्या दिवशी कडक लागली तरी लगेच घासायला घेऊ नये. डब्यावर पूर्ण पिकण्याची मुदत दिलेली असते, पुष्कळदा ती आठवडाभराची असते. तेवढा धीर धरावा.

ओतताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत. हाताला रेझिन लागलेच तर आधी कागदाने पुसून साबण-पाण्याने धुवावे. थिनरने हात चोळण्याची आपल्याकडे भारी सवय. त्याने कातडी कोरडी पडते आणि रेझिन आत शिरायला वाट मिळते. ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते, मग थोडासा स्पर्शही पुरतो.

आता हत्यारांचे. वस्तू व्हाइसमध्ये धरताना दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे द्यावेत, नाहीतर काठ तडकतो. हॅक्सॉला बारीक दातांचे पाते लावून सावकाश चालवावे. घाई केली की रेझिन तापून मऊ पडते व दात बुजतात. भोक पाडताना खाली लाकूड ठेवावे, बिट मधूनमधून वर काढावा. कपची उडते ती काचेसारखी धारदार असते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

खरा शत्रू म्हणजे पिठासारखी धूळ. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. एन-९५ मास्क लागतो. त्याहून सोपा उपाय पाण्याचा. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावे, आधी २२० नंबर, मग ४००, पुढे ८००. धूळ उडतच नाही, चकाकीही चांगली येते. कानस कोरडी चालते, तेव्हा मात्र मास्क काढू नये. जमीन झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. घासलेले पांढरे पाणी मोरीत न ओतता रात्रभर निवळू द्यावे आणि खालचा गाळ सुकवून कचऱ्यात टाकावा. अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. आणि हे काम स्वयंपाकघरात, लहान मुलांजवळ अजिबात नको. आमच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत हे सांगणे सोपे, करणे कठीण, हे मला ठाऊक आहे. गटाने त्यासाठी गॅलरीचा कोपरा ठरवून घेतला.

त्या ताई आता रेझिनला हात लावत नाहीत, विक्री पाहतात. आणि पाटीच्या किमतीत मास्क-हातमोज्यांचा खर्च आता पहिल्या ओळीत धरलेला आहे.