मातीची गाडी कोणाची?

अभिजात नाटकाचा कोणी नव्या, अपरिचित पद्धतीने प्रयोग केला की आपल्याकडे एक ठराविक वाद उभा राहतो. एक पक्ष म्हणतो, संहितेला हात लावणे हा अपराध आहे. दुसरा म्हणतो, हात न लावणे हा भ्याडपणा आहे. दोघेही मोजतात ते मूळ नाटकापासूनचे अंतर. वास्तविक विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : या प्रयोगाने नाटकातील कोणते सत्य पुढे आणले, आणि रंगमंचावर कोणाला बोलते केले?

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. रायपूरचे हबीब तन्वीर १९५५ मध्ये नाट्यशिक्षणासाठी इंग्लंडला गेले. पुढे बर्लिनमध्ये त्यांनी ब्रेख्तची नाटके पाहिली. परतल्यावर १९५८ मध्ये त्यांनी दिल्लीत बेगम कुदसिया झैदी यांच्या हिंदुस्तानी थिएटरसाठी ‘मिट्टी की गाडी’ बसविले, आणि त्यात शहरी नटांच्या बरोबरीने ठाकूरराम, मदनलाल, भुलवाराम यांच्यासारखे छत्तीसगढच्या ‘नाचा’तील सहा कलावंत उभे केले. संस्कृत नाटकाला ही गावरान शैली शोभत नाही, असा आक्षेप तेव्हा घेण्यात आला.

हा आक्षेप मूळ नाटकाच्याच साक्षीने टिकत नाही. शूद्रकाचा सूत्रधार आरंभी संस्कृत बोलतो आणि घरात पत्नीशी बोलावयाची वेळ येताच प्राकृतावर उतरतो. पुढे दासी, जुगारी, गाडीवान, चांडाळ हे सारे आपापल्या प्राकृत बोलींतून बोलतात. रिकाम्या रंगमंचावर नटाने एक फेरी मारली की स्थळ बदलले, हा संकेत भरताच्या नाट्यशास्त्राला मान्य आहे आणि खेड्यातल्या नाचालाही परिचित आहे. ज्याला परंपराभंग म्हटले गेले, तो परंपरेच्या विसरलेल्या भागाशी जोडलेला दुवा होता.

या नाटकाचे अर्थकारणही असेच विसरले गेले आहे. दहा सुवर्णमुद्रांच्या देण्यापायी जुगारी संवाहक जुगारअड्ड्याच्या चालकाच्या हाती सापडतो. मदनिकेला दास्यातून सोडविण्यासाठी शर्विलक घर फोडतो, आणि हा ब्राह्मण चोर भिंतीतील भोकाचे माप आपल्या जानव्याने घेतो. न्यायाधीशाची नोकरी राजाच्या मेहुण्याच्या मर्जीवर टांगलेली आहे. दरिद्री चारुदत्ताला सुळाची शिक्षा होते, आणि शेवटी गवळ्याचा पोर आर्यक राजसत्ता उलथवितो. मराठी रसिकाने देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’वर मनापासून प्रेम केले. परंतु त्याला आठवतात ती पदे आणि बालगंधर्वांची वसंतसेना. आर्यकाचे बंड क्वचितच कोणाला आठवते. देवलांचे नाटकही त्यांच्या काळातील नवा अवतारच होते, हेही आपण सोयीस्करपणे विसरतो.

तन्वीरांचा अनुभव येथेच संपत नाही. पुढील काही वर्षे हे कलावंत त्यांच्याबरोबर काम करीत राहिले, पण खुलेनात. त्यांना हिंदी बोलावे लागे आणि शहरी दिग्दर्शकाने आखून दिलेल्या हालचाली कराव्या लागत. १९७३ मध्ये रायपूरला झालेल्या नाचाच्या कार्यशाळेच्या सुमारास तन्वीरांनी त्यांना त्यांची छत्तीसगढी बोली आणि त्यांची उत्स्फूर्तता परत दिली. पुढे ‘मिट्टी की गाडी’ही छत्तीसगढीतून उभे राहिले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. भाषा हे नटाचे उत्पादनसाधन आहे. ते त्याच्या हातातून काढून घेतले की तो दुसऱ्याच्या कल्पनेवर राबणारा मजूर होतो.

म्हणूनच प्रत्येक नव्या अवताराचे स्वागत करावे, असे मी म्हणणार नाही. संगीत नाटक अकादमीने १९८४ मध्ये तरुण दिग्दर्शकांना पारंपरिक शैलींच्या आधारे नाटके बसविण्यासाठी साहाय्य देण्याची योजना सुरू केली. हेतू चांगला होता. काही चांगले प्रयोगही झाले. तथापि एखाद्या शैलीला अनुदान जोडले की त्या शैलीचा पुरवठा वाढतो, गुणवत्ता वाढतेच असे नाही. ढोल, मुखवटे आणि रंगीत फेटे रंगमंचावर आले, पण ज्यांची ती कला, ते लोक पुष्कळदा बाहेरच राहिले. लोककलेचा पोशाख घालणे निराळे आणि लोकांना रंगमंचाचे वाटेकरी करणे निराळे. शेक्सपिअरच्या राजाला आजचा कोट चढवून आपण समकालीन झालो असे मानणाऱ्यांनाही हाच विवेक लागू आहे.

अभिजात नाटक ही कुलूप लावून ठेवण्याची ठेव नव्हे, आणि दिग्दर्शकाच्या लहरीची मालमत्ताही नव्हे. ती सार्वजनिक संपत्ती आहे. सार्वजनिक संपत्तीबाबत आपण नेहमी विचारतो, तेच येथेही विचारले पाहिजे : तिचा उपभोग कोण घेतो, तिच्यासाठी कोण राबतो, आणि तिच्याविषयीचे निर्णय कोणाच्या हाती आहेत? पुढच्या वेळी एखाद्या अनोख्या प्रयोगावर वाद झडेल, तेव्हा वाचकांनी हे तीन प्रश्न घेऊन नाट्यगृहात जावे.