तेवीस किलोत किती कादंबऱ्या?

माझगावला राहते असं सांगितलं की समोरच्याच्या तीनच रिअॅक्शन्स येतात. एक, 'डॉकमध्ये आहे का घरचं कुणी?' दोन, 'हां हां, ते सेल्स टॅक्सचं ऑफिस!' (जीएसटी येऊन जमाना झाला, पण लोकांच्या तोंडी अजून सेल्स टॅक्सच.) आणि तीन, 'हार्बर लाइन? बापरे!' कादंबरीचं नाव मात्र आजवर एकानंही घेतलेलं नाही. आणि खरं सांगू का, पुस्तकवेड्या माणसानं एकदा तरी पायी फिरावं असा हा एरिया आहे.

सगळ्यात आधी किरण नगरकर. त्यांची 'रावण अँड एडी' १९९५ मध्ये आली आणि ती घडते चक्क आमच्या माझगावात, सीडब्ल्यूडीच्या चाळीत. चौथ्या मजल्यावर हिंदू, पाचव्यावर कॅथलिक. चौथ्या मजल्यावरून तान्हा राम आईच्या हातातून निसटतो आणि खालून येणाऱ्या व्हिक्टर कुटिन्होवर पडतो. पोरगं वाचतं, व्हिक्टर जातो. रामाचा मग रावण होतो, आणि व्हिक्टरचा मुलगा तो एडी. गंमत म्हणजे नाव दोघांचं असलं तरी या हिरोंची एकमेकांशी धड गाठच पडत नाही. एक 'दिल देके देखो'च्या नादी लागलेला, दुसरा 'रॉक अराउंड द क्लॉक'च्या. मध्ये फक्त एक जिना. नळाच्या पाण्यावरची मारामारी तर अशी रंगवलीय की आमच्या बिल्डिंगमधल्या सेक्रेटरींना वाचून दाखवावीशी वाटते.

नगरकरांची पहिली कादंबरी मराठीत होती. 'सात सक्कं त्रेचाळीस', १९७४. पुढे ते इंग्रजीत लिहायला लागले, तर त्यावरून मराठीत नाकं मुरडली गेली. २००० मध्ये 'ककोल्ड'ला साहित्य अकादमी मिळालं, तेही इंग्रजीसाठी. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ते गेले. कुठली भाषा आपली, हा प्रश्न त्यांना लोकांनी आयुष्यभर विचारला. माझ्या मते तो वाचकांना विचारायला हवा.

का ते सांगते. माझी एक मैत्रीण आहे, म्हातारपाखाडीतली. (जोसेफ बाप्टिस्टा, म्हणजे टिळकांचे सहकारी 'काका' बाप्टिस्टा, याच पाखाडीतले. डोंगरावरच्या बागेला त्यांचंच नाव आहे.) ती ईस्ट इंडियन. घरी आजीशी बोलते ती मराठीच, पण त्यांची स्वतःची, खास ईस्ट इंडियन वळणाची. शाळेत मराठी होतं ते दहावीपर्यंत, नंतर सुटलं. वाचायची ती सगळी इंग्रजीत. "तुमचं बुकातलं मराठी ना, इस्त्री मारलेलं असतं," असं तिचं म्हणणं. 'रावण अँड एडी' तिनं इंग्रजीत वाचली, मी 'रावण आणि एडी' मराठीत, आणि बागेत बसून आम्ही तासभर भांडलो. कुठला जोक कुठल्या भाषेत जास्त हसवतो यावरून! त्या भांडणातच तिनं फर्मान काढलं, "मला एक मराठी नॉव्हेल दे. पण जाड नको आणि खेडं नको." म्हणजे 'बनगरवाडी' बाद. 'कोसला' द्यावी असं मनात होतं, पण पहिल्याच फटक्यात पांडुरंग सांगवीकर म्हणजे डोक्याला शॉट झाला असता. मी दिली विश्राम बेडेकरांची 'रणांगण'.

१९३९ सालचं पुस्तक, बारीकसं. युरोपातून मुंबईला येणारं जहाज, त्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू निर्वासित, त्यांतली हॅर्टा, आणि घरी परतणारा चक्रधर. काही दिवसांचं प्रेम. मुंबईचा धक्का आला की तो उतरणार आणि ती पुढे जाणार, कारण तिला उतरू देईल असा देशच नाही. शेवट सांगत नाही. महायुद्ध पेटत असतानाच्या वर्षी कुणीतरी हे मराठीत लिहिलं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

तिला ती वाचायला अडीच महिने लागले. ऑफिस बेलापूरला, सकाळी गर्दीच्या उलट्या दिशेनं जायचं, म्हणजे डॉकयार्ड रोडला चढल्यावर विंडो सीट बऱ्यापैकी पक्की. सुरुवातीला वाशीपर्यंत दोन पानं व्हायची. जोडाक्षरं आली की बोट ठेवून वाचायची आणि शेजारच्या बायका बघायच्या, असं ती सांगते. मला व्हॉइस नोट्स यायच्या. अमक्याचा अर्थ काय, तमकं शिवी आहे की लाडानं? मग हळूहळू प्रश्न कमी झाले. एका संध्याकाळी फक्त एवढंच आलं, "हिच्याकडे पासपोर्ट आहे आणि तो कुणालाच नकोय." त्या आठवड्यात तिची स्वतःची टोरोंटोची फाइल अडकलेली होती. तिची परिस्थिती हॅर्टाची नव्हती, हे तीही जाणून होती. सॅलरी होती, घर होतं, परत यायला देश होता. पण रोज ईमेल उघडून बघणारं माणूस ते वाक्य वेगळं वाचतं. मी ही कादंबरी तीनदा वाचलीय, मला ती नेहमी लव्हस्टोरीच वाटायची.

आता थोडं सवयींबद्दल, कारण तिथे आमचं बिलकूल पटत नाही. मी पुस्तकाचा कोपरासुद्धा दुमडत नाही. बुकमार्क नसेल तर लोकलचं तिकीट, तेही नसेल तर केसातली पिन. ती पेन्सिल घेऊन बसते. समासात उद्गारचिन्हं, शिव्या, हार्ट, कधी किराणा सामानाची यादी. मी दिलेल्या पुस्तकांनाही सोडत नाही! आधी मला घाम फुटायचा. मग एकदा तिच्याकडून परत आलेली माझीच 'मुंबई दिनांक' चाळत होते, तर अरुण साधूंपेक्षा समासातच जास्त वेळ रमले. अजून एक, ती आधी शेवटचं पान वाचते. याला माझ्याकडे माफी नाही. ऑडिओबुकवाल्यांशी आमचं दोघींचंही भांडण नाही. भांडी घासताना कानात कादंबरी चालू असेल तर उलट चांगलंच. फक्त पुस्तकांचे फोटो टाकून न वाचणारे आम्हाला दोघींना चालत नाहीत. एवढ्यावर एकमत.

आणि हो, माझगावची आणखी एक वाचक राहिली. एलायझा ड्रेपर. 'ट्रिस्ट्रम शँडी' लिहिणारा लॉरेन्स स्टर्न हिच्यावर फिदा होता. तो त्रेपन्न वर्षांचा, लग्न झालेला, क्षयानं पोखरलेला. ती बाविशीची, नवरा इथे मुंबईत कंपनीच्या नोकरीत. १७६७ च्या सुरुवातीला लंडनमध्ये ओळख, एप्रिलमध्ये तिचं जहाज मुंबईकडे. तेवढ्या काळात त्यानं काय करावं? तिला स्वतःची पुस्तकं पाठवली, आणि ती निघाल्यावर तिच्यासाठी रोजची डायरी लिहीत बसला. वर्षाच्या आत, १७६८ च्या मार्चमध्ये, तो गेला. एलायझा नंतर माझगावच्या 'बेल्व्हेडिअर' नावाच्या घरात राहायची. १७७३ च्या जानेवारीत एका रात्री ती तिथून नवऱ्याला सोडून पळाली. खिडकीतून दोरावरून उतरली आणि एका नौदल अधिकाऱ्याच्या जहाजावर पोचली, असं सांगतात. तिला नेहमी 'स्टर्नची एलायझा' म्हणतात, ते मला खटकतं. दोर तिनं स्वतः धरला होता.

हे सगळं आठवायचं कारण, फाइल सुटली. मैत्रीण चालली. एअरलाइनच्या दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. आंटींनी त्यांतले नऊ किलो बॉटल मसाला, लोणचं आणि प्रेशर कुकरनं आधीच बुक केलेत. उरलेल्यात स्वेटर्स, बूट, सर्टिफिकेट्सची फाइल. पुस्तकांना वाटणीला आले अडीच किलो. रविवारी आम्ही स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसलो. 'मृत्युंजय' पहिल्याच राउंडला आउट, वजनामुळे. अगाथा ख्रिस्ती 'तिकडे मिळेल' म्हणून आउट. इंग्रजी बहुतेक सगळंच 'तिकडे मिळेल'मध्ये गेलं. बघता बघता ढिगात मराठीच राहिली. जिनं आयुष्यात एकच मराठी कादंबरी पूर्ण केली होती, तिच्या बॅगेत आता भाऊ पाध्यांची 'वासूनाका' आहे, जयवंत दळवींचं 'चक्र' आहे, दोन्ही न वाचलेली. आंटी म्हणाल्या, "तिथे बर्फात बसून झोपडपट्टीवरचं वाचणार ही!"

'रणांगण' माझी प्रत होती. तिनं ती काट्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. आत सगळीकडे तिची पेन्सिल, कठीण शब्दांखाली रेघा आणि बाजूला इंग्रजीत अर्थ. सुरुवातीला पानाला दहा-बारा, शेवटच्या पानांवर एकही नाही. मी काही बोलले नाही, तिनं ती बॅगेत टाकली. दादरला जाऊन मला नवी घ्यावी लागेल.

बदल्यात तिची 'ट्रिस्ट्रम शँडी' माझ्याकडे आलीय. त्यात स्टर्ननं एक पान मुद्दाम कोरं सोडलंय, एका बाईचं चित्र वाचकानं स्वतःच्या मनासारखं काढावं म्हणून. तिनं तिथे पेन्सिलनं भाऊच्या धक्क्यावरची कोळीण काढलीय. टोपली चांगली जमलीय, नाक अजिबात नाही.