रिकाम्या खोलीतला पंखा

गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, शेजारच्या काकू रोज संध्याकाळी एका बंद खोलीचे कुलूप काढतात. देवापाशी दिवा लावतात. ट्यूब लावतात, पंखा सुरू करतात आणि दार ओढून आपल्या घरी जातात. रात्री साडेदहाला पुन्हा येऊन सगळे बंद करतात. खोलीत माणूस नसतो. भाडेकरू दुबईत आहे. पंखा फिरतो तो बेस्टच्या मीटरसाठी. बिलावर युनिटे दिसली पाहिजेत. चाळीचे नाव लिहीत नाही. कारण उघड आहे.

युनिटे का दिसली पाहिजेत, हे पागडीच्या घरात वाढलेल्याला सांगावे लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १६. वाजवी कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल, तर मालक ताबा मागू शकतो. वकील त्याला ‘नॉन-यूजर’चा दावा म्हणतात. अशा दाव्यात विजेची बिले हमखास बाहेर निघतात. दोन-तीन युनिटांचे बिल असले की भाडेकरू राहत नाही, असे म्हणायला मालक मोकळा.

आता दुबईतला हिशेब पाहा. नोकरीच्या साध्या व्हिसावर असलेला माणूस सलग सहा महिन्यांहून जास्त अमिरातीबाहेर राहिला, तर सर्वसाधारणपणे त्याचा तिथला रहिवास संपतो. म्हणजे तिकडेही सहा महिने, इकडेही सहा महिने. वर्षाची रजा तीस दिवसांची. उरलेले अकरा महिने गिरगावातली खोली बंद राहणारच. बरे, तिथला रहिवास तरी पक्का म्हणावा, तर तो बहुधा दोन-दोन वर्षांचा आणि नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की थोडी मुदत मिळते, त्यात दुसरी मिळाली नाही तर सामान आवरायचे. वीस वर्षे काढून, पोरांची शाळा तिथे होऊनही हा माणूस तिथे पाहुणाच. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता गिरगावचाच असतो, कारण दुसरा कायमचा पत्ता त्याच्याकडे नाही. त्या एका पत्त्यालाच कायदा विचारतो, तू इथे राहतोस कशावरून?

मालकांची बाजू मला दिसते. भाडे जुने, इमारत टेकूवर, आणि पुनर्विकासावर डोळा ठेवून वर्षानुवर्षे कुलूप लावून बसलेले भाडेकरूही आहेत. ते स्वतः ठाण्याला दोन बेडरूमच्या घरात राहतात. अशांसाठी हे कलम हवेच. सहा महिन्यांची हीच अट १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातही होती. पण जागा अडवण्यासाठी लावलेले कुलूप आणि पोटासाठी लावलेले कुलूप यांत फरक आहे, आणि तो कायद्यात कुठेही स्पष्ट लिहिलेला नाही. लिहिले आहे ते फक्त ‘वाजवी कारण’. ते वाजवी की नाही, हे दावा लागल्यावर ठरते. न्यायालय कारण ऐकून घेत नाही असे नाही. पण धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात तारखा वर्षानुवर्षे पडतात आणि याची रजा महिन्याची. वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करा, इथे वकील लावा, साक्षीसाठी विमानाचे तिकीट काढा. त्यापेक्षा पंखा स्वस्त पडतो. हा खोटेपणा आहे का? आहे. मला त्याची लाज काकूंच्या वतीने वाटत नाही, कायद्याच्या वतीने वाटते.

लालबाग-परळला यात नवे काही नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणीचे दार बंद झाले, तेव्हा गिरणगावातली फिटर-वेल्डर पोरे मस्कत, कुवेत, दुबईला गेली. बापाने पागडी भरून घेतलेली दहा बाय बाराची खोली त्यांनी तिकडून पैसे पाठवून राखली. बाप शिमग्याला, गणपतीला कोकणात जायचा आणि परत यायचा. मुलगाही तेच करतो. त्याचे गाव आता मुंबई आहे, एवढेच.

आणि सरकारला हे परदेशी जाणे नको आहे म्हणावे, तर तसेही नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पोरांना जर्मन शिकवून पाठवणारे सरकार हेच, आणि सातव्या महिन्यात त्यांच्या खोलीवर दावा लावू देणारा कायदाही याच राज्याचा. कलमाला एक स्पष्टीकरण जोडायला काय हरकत आहे? भाडेकरू मुदतीच्या व्हिसावर परदेशी नोकरीत आहे, भाडे वेळेवर भरतो, मुंबईत त्याचे दुसरे घर नाही, एवढे कागदावर दाखवले की ते वाजवी कारण. दोन ओळींचे काम आहे.

त्या खोलीत मी जाऊन आलो. पोटमाळ्यावर भाडेकरूच्या आईची पितळी भांडी फडक्यात बांधून ठेवली आहेत. खुंटीला भाडेपावत्यांची पिशवी, तिच्यातच चाळीच्या गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या, एकही वर्ष न चुकलेल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान काकू उलटतात.

काकूंनी सत्तरी ओलांडली आहे. गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आहे, नंतर चार महिने डोंबिवलीला मुलीकडे. मजल्यावर आता तीनच घरे उघडी असतात. किल्ली कोणाकडे द्यायची, ते अजून ठरलेले नाही.