उडी

गेल्या महिन्यांत डोलवीच्या घराचा माळा झाडतांना एक काळी पेटी व कॅसेटींचा डबा हातीं आला. पुतण्यानें 1987 सालीं मुंबईहून आणलेला हा ‘स्पेक्ट्रम’ संगणक. गांवांत तेव्हां पोलादाचा कारखाना आलेला नव्हता. घरांत मात्र रंगीत दूरदर्शन संच होता. त्यास ही पेटी जोडून मुलें मे महिनाभर शिड्या चढणारा माणूस पाहात बसत आणि आम्ही रागावत असूं. त्या रागाविषयींच आज लिहावयाचें आहे.

खेळ मूळचा बाजारांतला. जपानच्या निन्टेंडो कंपनीनें 1981 सालीं ‘डाँकी काँग’ काढला. कल्पना शिगेरू मियामोतो यांची. नाणें टाकावें, शिड्या चढाव्या, गडगडत येणारीं पिंपें उडी मारून चुकवावीं. तें कपाटाएवढें यंत्र याच कामासाठीं घडविलेलें, आणि त्याचा पडदा उभा. चित्र 224 ठिपके रुंद व 256 उंच. उलट स्पेक्ट्रमचें चित्र 256 रुंद व 192 उंच. म्हणजे 64 ठिपक्यांची उंची आरंभींच गेली! मजले जवळ आणावे तर उडी आंखूड होते, आणि उडी आंखूड झाली कीं पिंपाची गति बदलावी लागते. शिवाय 8 ठिपक्यांच्या एकेका चौकटींत दोनच रंग मावत. आमच्या मातोश्री विचारीत, “हा शिडीपाशीं गेला कीं याचा अंगरखा कां रे बदलतो?” मुलें हसत, प्रश्न बिनतोड होता.

मूळ संहिता रूपांतरकारास बहुधा मिळत नसे. यंत्रापुढें उभें राहून, खेळून खेळूनच तें सारें टिपावें लागे. लँडन डायर यांनीं 1983 सालीं अटारीच्या घरगुती संगणकावर चारही देखावे बसविले. त्याच वर्षीं खुद्द निन्टेंडोनें आपल्या घरगुती यंत्रासाठीं सरकत्या पट्ट्यांचा देखावा गाळला. आम्ही यास दोष देणार नाहीं. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत मंडपांतली मूर्ति व वीतभर मूर्ति शेजारीं शेजारीं पाहाव्या. लहान मूर्तीवर दागिने थोडे असले तरी चालतें, डोळ्यांची आखणी चुकलेली चालत नाहीं. या खेळांत ते डोळे म्हणजे उडी. कळ दाबणें व माणूस हवेंत जाणें यांत क्षणाचा विलंब झाला, तर रंगरूप हुबेहूब असूनही मुलें दुसऱ्या दिवशीं तो खेळ टाकतात.

पुतण्यास हें तेव्हांच उमगलें होतें. त्यानें त्या सुट्टींत बेसिक भाषेंत स्वतःचा शिडीचा खेळ लिहावयास घेतला. बेसिक मोठी संथ. माणूस उडे, पण पिंप निघून गेल्यावर! ती एक उडी जुळवीत तो पहाटेपर्यंत बसे. एके रात्रीं विजेच्या बिलाचें निमित्त करून आम्हीं बटण बंद केलें. रात्रभराचें काम कॅसेटवर उतरविण्यापूर्वींच तें बंद झालें, हें आम्हांस परवां कळलें. त्यानें तें हसत सांगितलें. आम्हांस हसतां आलें नाहीं.

डब्यांतील एका कॅसेटीवर त्याच्या अक्षरांत ‘उडी 3’ असें लिहिलें आहे. ‘उडी 4’ नाहीं. ती वाजविणारा चालू टेपरेकॉर्डर कोणापाशीं आहे काय, याची पेण गांवीं चौकशी चालविली आहे.