दोषारोपपत्रात मालक कुठे आहे?

1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ‘संघटित गुन्हेगारी’ला देशाच्या मूळ फौजदारी कायद्यात प्रथमच स्वतंत्र कलम मिळाले. भंडाऱ्यात ही तारीख येते ती रेती उपशाच्या बंदीकाळात. 10 जून ते 30 सप्टेंबर नदीत उतरायचेच नाही, असा नियम आहे. तरीही रात्री रस्त्यावर पाण्याची धार सोडत टिप्पर जाताना दिसतो. रेती आत्ताच वैनगंगेतून निघाली, हे शेंबडे पोरही सांगेल. टिप्परच्या पुढे दुचाकीवर एक पोरगा असतो, महसूल पथकाचे ‘लोकेशन’ देणारा. एप्रिल 2022 मध्ये पवनी तालुक्यात तर कारवाईला गेलेल्या उपविभागीय अधिकाऱ्यांच्या पथकावरच हल्ला झाला. टोळी म्हणजे काय, हे या जिल्ह्याला कायद्याने शिकवायची गरज नाही.

मागणी मात्र दर वेळी एकच असते: आणखी कडक कायदा करा. कडक कायद्यांची आपल्याकडे कधी वाण होती? 1981 चा स्थानबद्धतेचा कायदा आहेच. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी तो आला. पुढे त्याच्या शीर्षकात व्हिडिओ पायरेट्स आले आणि 2015 मध्ये वाळू तस्करही. शीर्षक आता एका दमात वाचून होत नाही. मुंबईच्या अंडरवर्ल्डसाठी 1999 मध्ये मकोका आला, आणि जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने अमली पदार्थांचे गुन्हे त्यात आणणारे विधेयक मंजूर केले. त्यावर संहितेचे कलम 111: किमान पाच वर्षे कैद, किमान पाच लाख रुपये दंड. रेतीचे नाव त्यात नाही, पण ‘अवैध माल’ आहे.

मग अडते कुठे? मकोका असो की कलम 111, दोन्ही कायदे मागच्या दहा वर्षांतली दोषारोपपत्रे मोजतात. एकाहून अधिक हवीत, आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली हवी. रेतीचोरीत हा हिशेबच जमत नाही. पुष्कळ प्रकरणे जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली दंड भरून मिटतात आणि गाडी सुटते. गुन्हा नोंदला गेलाच, तर नाव लागते चालकाचे. तो रोजंदारीवरचा. गाडी भलत्याच्याच नावावर आणि ट्रॅक्टर विनानंबरचा. ज्याच्या पैशावर घाट चालतो, त्याची पाटी दहा वर्षांनंतरही कोरीच. दोन दोषारोपपत्रे जमतात ती त्या चालकावर, आणि कायद्याच्या लेखी टोळीचा सदस्य ठरायचा तो हाच. पाच लाखांचा दंड तो कुठून भरणार?

मकोकात निदान एक बांध होता. गुन्हा नोंदवण्याआधी पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मान्यता लागते आणि न्यायालयाने दखल घेण्याआधी अपर महासंचालकांची मंजुरी. पोलीस अधीक्षकांसमोरचा कबुलीजबाब पुरावा मानणाऱ्या कायद्यात एवढी खबरदारी तरी घेतली होती. कबुलीजबाबाची ती सवलत नव्या संहितेत नाही, हे बरेच झाले. पण वरिष्ठांच्या मान्यतेची अटही नाही. म्हणजे कलम 111 ठाण्याच्या पातळीवरच लागू शकते. कलम 112 तर आणखी सैल आहे. पाकीटमारी, जुगार, तिकिटांचा काळाबाजार यांच्या यादीनंतर ‘अशा स्वरूपाचे इतर कृत्य’ असे शब्द घातले आहेत. चौकातला सट्टापट्टी लिहिणारा त्यात सहज अडकेल. ज्याच्याकडे ती पट्टी रोज संध्याकाळी पोहोचते, तो अडकेलच असे नाही.

टोळ्यांची बाजू घेण्याचा प्रश्नच नाही. जीव मुठीत धरून रात्री घाटावर जाणाऱ्या तलाठ्याला आणि मंडळ अधिकाऱ्याला संरक्षण हवे, तेही आज हवे. पण शिक्षेची वर्षे वाढवल्याने मालकाचे नाव कागदावर येणार नाही. ते येईल गाडीची खरी मालकी, फोनचे तपशील आणि बँकेतले व्यवहार तपासल्याने. हे काम रटाळ आहे, त्यावर कोणी बाके वाजवत नाही.

तुमसर, भंडारा आणि साकोली या तिन्ही मतदारसंघांच्या आमदारांनी पावसाळी अधिवेशनात नव्या कायद्याची मागणी करण्याआधी एकच तारांकित प्रश्न विचारावा: गेल्या दहा वर्षांत जिल्ह्यातल्या रेतीचोरीच्या किती दोषारोपपत्रांत चालकाखेरीज दुसऱ्या कोणाचे नाव आहे?